एसएमपीएस किती वॅटचा घ्यायचा, ते कागदावर कसं काढायचं

एसएमपीएस, म्हणजे पीसीतल्या सगळ्या सामानाला वीज पुरवणारा डबा, किती वॅटचा घ्यायचा हा प्रश्न गिऱ्हाईक सगळ्यात शेवटी विचारतं. प्रोसेसर ठरलेला असतो, ग्राफिक्स कार्डावरून मित्रांशी भांडून झालेलं असतं, काचेचं कॅबिनेट आणि त्यातले रंगीत पंखेसुद्धा पसंत झालेले असतात. मग खिशात जे उरलं त्यात "भाऊ, एखादा साडेचारशेचा टाकून द्या ना" असं येतं. दुसऱ्या टोकाला यूट्यूब पाहून आलेला पोरगा. त्याला लावायचं असतं साधं ४०६० कार्ड आणि हवा असतो हजार वॅटचा एसएमपीएस. माझं अकोल्यात जठारपेठेच्या बाजूला असेंबलिंग आणि दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. या दोघांनाही मी आधी कागद-पेन घ्यायला लावतो. एक बेरीज आणि एक भागाकार, यापलीकडे गणित नाही.

सुरुवातीला एक गैरसमज बाजूला काढू. ७५० वॅटचा एसएमपीएस लावला म्हणजे मीटर कायम ७५० वॅटने पळणार, असं काही नसतं. तो आकडा एसएमपीएस जास्तीत जास्त किती देऊ शकतो ते सांगतो. आतलं सामान जेवढं मागेल तेवढंच तो देतो, आणि देताना थोडी वीज उष्णतेत घालवतो. टायपिंग किंवा ब्राउझिंग चालू असताना ग्राफिक्स कार्डवाला पीसीसुद्धा बऱ्याचदा शंभर वॅटच्या आतच असतो. त्यामुळे मोठा एसएमपीएस घेतल्यानं महावितरणचं बिल फुगत नाही, फक्त खरेदीच्या दिवशी खिसा हलका होतो. छोटा घेतला तर मात्र ऐन खेळात किंवा ऐन रेंडरिंगच्या वेळी पीसी फटकन बंद.

प्रोसेसर: टीडीपी धरू नका

प्रोसेसरच्या माहितीत टीडीपी म्हणून एक आकडा असतो. ६५ वॅट, १०५ वॅट, १२५ वॅट. बहुतेक जण तोच बेरजेत घेतात आणि हिशोब तिथेच चुकतो. तो आकडा मुख्यतः प्रोसेसर थंड ठेवणारा कूलर निवडायला कामाचा. पूर्ण जोर लावला की प्रोसेसर त्याच्या बराच पुढे जातो.

इंटेलने बाराव्या पिढीपासून दोन आकडे सरळ छापायला सुरुवात केली, हे बरं केलं. पहिला बेस पॉवर, दुसरा मॅक्सिमम टर्बो पॉवर. कोअर आय५-१२४०० घ्या: बेस ६५ वॅट, टर्बो ११७ वॅट. आय५-१४४०० चा बेस तोच ६५, पण टर्बो १४८. आय५-१३६००के चे १२५ आणि १८१. आय७-१४७००के चे १२५ आणि २५३, म्हणजे दुप्पट. बेरजेत नेहमी दुसरा आकडा लिहायचा.

के अक्षराचे प्रोसेसर घेणाऱ्यांसाठी एक जादा सूचना. बरेच महागडे मदरबोर्ड कारखान्यातून निघतानाच या मर्यादा सैल सोडून येतात, म्हणजे २५३ चा प्रोसेसर त्याहून जास्तही ओढू शकतो. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर) जाऊन पीएल१ आणि पीएल२ या नावांच्या मर्यादा बघा आणि इंटेलच्या आकड्यावर आणून ठेवा. वेगात फरक पडतो तो फारच थोडा, पण उष्णता आणि वीज दोन्ही आटोक्यात येतात. आमच्याकडच्या मे महिन्यात तर मी गिऱ्हाइकाला विचारतही नाही, मर्यादा घालूनच पीसी हातात देतो.

एएमडीचा हिशोब वेगळा. त्यांच्याकडे प्रोसेसरने जास्तीत जास्त किती वीज ओढायची याची पीपीटी नावाची मर्यादा असते, आणि ती बहुतेक वेळा टीडीपीच्या १.३५ पट निघते. ६५ चे ८८, १०५ चे १४२, १२० चे १६२, १७० चे २३० वॅट. म्हणजे रायझन ५ ७६०० साठी ८८ लिहा, रायझन ७ ७८००एक्सथ्रीडी साठी १६२. काही जुन्या, एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरना याहून कमी मर्यादा आहे, रायझन ५ ५६०० ला ७६ वॅट. नक्की आकडा सापडला नाही तर १.३५ ने गुणा आणि पुढे चला. दहा-बारा वॅट इकडेतिकडे झाल्याने इथे काही बिघडत नाही.

ग्राफिक्स कार्ड: सगळ्यात मोठा वाटेकरी

गेमिंगच्या किंवा एडिटिंगच्या पीसीत निम्म्याहून जास्त वीज बऱ्याचदा एकटं ग्राफिक्स कार्ड खातं. कंपनीच्या पानावर हा आकडा स्वच्छ दिलेला असतो. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट, ३०६० ला १७०, आरएक्स ६६०० ला १३२, आरएक्स ७६०० ला १६५, आरटीएक्स ४०७० ला २००, ५०७० ला २५०. वरच्या टोकाला ४०९० चे ४५० आणि ५०९० चे ५७५. एवढ्या रांगेत ४०६० उठून दिसतं. ३०६० पेक्षा वेगवान असून वीज ५५ वॅटने कमी. लहान शहरात यूपीएस, उन्हाळा आणि बजेट या तिन्हींशी झगडणाऱ्या माणसाला मी म्हणूनच ते सुचवत आलोय.

तीन पंख्यांची, ओव्हरक्लॉक केलेली कार्डं या मूळ आकड्यापेक्षा पाच-दहा टक्के जास्त घेतात. तेवढे वाढवून लिहा.

त्याच पानावर खाली "रेकमेंडेड पॉवर सप्लाय" असंही लिहिलेलं असतं. ११५ वॅटच्या ४०६० साठी एनव्हिडिया ५५० वॅट सांगते, आणि लोक चक्रावतात. कंपनीला तुमचा प्रोसेसर माहीत नसतो, तुमचा एसएमपीएस कोणत्या दर्जाचा आहे तेही माहीत नसतं. म्हणून ती भुकेला प्रोसेसर आणि बरा-वाईट कसलाही एसएमपीएस गृहीत धरून आकडा देते. तो आकडा पाळला तर नुकसान नाही. पण चांगला साडेचारशेचा हातात असेल आणि प्रोसेसर साधा असेल, तर ४०६० त्यावर मजेत चालतं.

आता या कार्डांची एक खोड. सरासरी २०० वॅट घेणारं कार्ड सेकंदाच्या हजाराव्या भागासाठी, कधी त्याहूनही कमी वेळ, एकदम कितीतरी जास्त ओढतं. शेतातली मोटर चालू होताना जसा झटका घेते आणि मग शांत चालते, तसाच हा प्रकार, फक्त कार्ड तो दिवसभर पुन्हापुन्हा घेतं. ३०८० आणि ३०९० ही कार्डं आली तेव्हा हे फार जाणवलं. बेरजेत बसणारा एसएमपीएससुद्धा त्या झटक्याला ओव्हरलोड समजून स्वतःला बंद करून घ्यायचा. २०२२ साली इंटेलने एटीएक्स ३.० चे नियम आणले, त्यात या झटक्यांची सोय केली. नव्या १६ पिनांच्या कनेक्टरसह येणाऱ्या, ४५० वॅटच्या वरच्या एसएमपीएसने आपल्या क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसला पाहिजे असं त्यात आहे. २५० वॅटच्या वरचं कार्ड घेत असाल तर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेलाच एसएमपीएस घ्या. त्याखालच्या कार्डांना एवढा विचार करायची गरज नाही, थोडी मोकळी जागा ठेवली की भागतं.

बाकीची भाजीपाल्याची यादी

मदरबोर्डला ३० ते ५० वॅट. रॅमच्या प्रत्येक पट्टीला ४-५. एनव्हीएमई एसएसडीला ५ ते ८, साट्याच्या (SATA) एसएसडीला ३. मोठ्या साडेतीन इंची हार्डडिस्कला चालताना ६ ते ९. कॅबिनेटच्या प्रत्येक पंख्याला ३, लिक्विड कूलरच्या पंपाला १० च्या आत-बाहेर. कीबोर्ड, माउस, पेन ड्राइव्ह मिळून १०. साध्या पीसीला हे सगळं मिळून ६० ते ८० वॅट होतं, म्हणून घाईत असाल तर सरळ ७५ लिहून मोकळे व्हा. मॉनिटर आणि स्पीकर यात धरायचे नाहीत, ते वेगळ्या प्लगवर असतात. यूपीएसच्या हिशोबात मात्र ते येतील.

हार्डडिस्कची एक गंमत आहे. ती फिरायला लागताना पहिले काही सेकंद २०-२५ वॅट मागते. चार डिस्क असतील तर शंभर वॅट झाले. पण तेव्हा पीसी नुकता चालू होत असतो, ग्राफिक्स कार्ड निवांत असतं, त्यामुळे साध्या पीसीत याची काळजी नको. आठ-दहा डिस्कचा स्टोरेज बॉक्स बांधत असाल तरच हा आकडा बघायचा.

बेरीज झाली, आता भागाकार

सगळं मिळून जो आकडा आला त्याला ०.७ ने भागा. जे उत्तर येईल त्याच्या वरचा, बाजारात मिळणारा आकडा घ्या: ४५०, ५५०, ६५०, ७५०, ८५०. यानं पूर्ण भाराच्या वेळीसुद्धा एसएमपीएस सत्तर टक्क्यांच्या आसपास राहतो, पंखा कमी ओरडतो, झटके पचतात, आणि दोन वर्षांनी कार्ड बदललं तर बहुतेक वेळा एसएमपीएस बदलावा लागत नाही. ०.५ ने भागायला सांगणारेही खूप आहेत. मला ते पटत नाही. तेवढ्या पैशांत एसएसडी मोठी येते.

तीन खरे हिशोब करून दाखवतो.

ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या केंद्राचा पीसी. कोअर आय३-१२१००, ग्राफिक्स त्याच्या पोटातच. टर्बो ८९ वॅट, बाकीचं सामान ६०. एकूण १४९, भागून २१३. चांगल्या कंपनीचा सगळ्यात लहान, ४०० किंवा ४५० चा घ्या आणि विसरून जा. इथे वॅटपेक्षा दर्जा महत्त्वाचा, कारण हा पीसी सकाळी दहा ते रात्री आठ चालतो.

लग्नाचे व्हिडिओ करणाऱ्या एका दादांचा पीसी. रायझन ७ ५७००एक्स, मर्यादा ७६ वॅट. आरटीएक्स ३०६०, जास्तीचे धरून १८५. जुन्या ऑर्डरींचा डेटा ठेवायला चार हार्डडिस्क, ३२. मदरबोर्ड ४०, रॅमच्या चार पट्ट्या १८, एनव्हीएमई ७, चार पंखे १२, किरकोळ १०. बेरीज ३८०. भागून ५४३. साडेपाचशेचा. दादा साडेसातशेचा मागत होते, मी उरलेल्या पैशांत पाचवी हार्डडिस्क घ्यायला लावली. त्याने हिशोबात आठ वॅट वाढले, म्हणजे भागून ५५४ झाले. हा चार वॅटचा फरक मी सोडून देतो, कारण प्रोसेसर, कार्ड आणि सगळ्या डिस्क एकाच क्षणी पूर्ण जोरात जाणं प्रत्यक्षात फार क्वचित होतं.

तिसरा हौशी. आय७-१४७००के चे २५३, आरटीएक्स ४०७० टीआय सुपर चे २८५, बाकी सामान ८०. बेरीज ६१८, भागून ८८३. इथे मी साडेआठशेवर थांबतो. गेम खेळताना असा प्रोसेसर २५३ च्या जवळपासही नसतो, बहुतेक गेममध्ये त्याच्या निम्म्यातच असतो. पण हाच पीसी थ्रीडी रेंडरिंगला रात्रभर लावायचा असेल, प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकाच वेळी राबणार असतील, तर हजारचा घ्या. तेव्हा तो यूट्यूबवाला पोरगा बरोबर असतो.

खोक्यावरच्या आकड्यावर विश्वास ठेवण्याआधी

इतका वेळ जे गणित केलं ते एका गोष्टीवर उभं आहे: एसएमपीएसवर ५५० लिहिलं असेल तर तो खरंच ५५० देतो. लोकल मालाच्या बाबतीत हे गृहीत धरता येत नाही. आणि ते ओळखायला मीटर-बिटर काही लागत नाही, बाजूला चिकटवलेलं लेबल वाचता आलं पाहिजे.

परवा काउंटरवर आलेला एक डबा अजून इथेच पडलाय. खोक्यावर मोठ्या अक्षरात ४५०. गिऱ्हाइकाची तक्रार, "भाऊ, गेम लावला की पीसी बंद पडते." लेबलवर एक तक्ता असतो, त्यात प्रत्येक व्होल्टेजखाली अँपिअर. या डब्यावर ३.३ व्होल्टखाली २० अँपिअर, ५ व्होल्टखाली २८, १२ व्होल्टखाली १६, उणे १२ खाली ०.५, आणि ५ व्होल्ट स्टँडबायखाली २. व्होल्टला अँपिअरने गुणायचं की वॅट मिळतात. अनुक्रमे ६६, १४०, १९२, ६ आणि १०. सगळं मिळवूनसुद्धा ४१४ होतात, ४५० नाहीतच. पण खरी गोम ती नाही. आजच्या पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, म्हणजे आपल्या बेरजेतला जवळजवळ सगळा भाग, १२ व्होल्टच्या लाइनवर चालतो. ३.३ आणि ५ व्होल्टला काम थोडंच उरलंय. तेव्हा या डब्यात तुमच्या उपयोगाचे वॅट १९२. त्यावर ११७ चा प्रोसेसर आणि १३२ चं कार्ड लावलं होतं. बंद नाही पडणार तर काय होईल?

शेजारी चांगल्या कंपनीचा ४५० चा ठेवून बघा. त्याच्या १२ व्होल्टखाली ३६-३७ अँपिअर दिसतील, म्हणजे ४३० ते ४४५ वॅट एकट्या १२ व्होल्टवर. लेबल वाचायची रीत एवढीच: १२ व्होल्टचे अँपिअर गुणिले १२, आणि ते उत्तर खोक्यावरच्या आकड्याच्या जवळपास आलं पाहिजे. आपली बेरीज या उत्तराशी ताडून बघायची, खोक्याशी नाही. काही लेबलांवर १२ व्होल्टचे दोन भाग करून १२व्ही१ आणि १२व्ही२ लिहिलेले असतात, दोन्हींखाली १८-१८ अँपिअर. त्यांची बेरीज करू नका, खाली दोन्हींचे मिळून किती वॅट ते वेगळं दिलेलं असतं, ते घ्या. "पीक" किंवा "मॅक्स" असा शब्द वॅटच्या शेजारी दिसला तर तो आकडा सलग देता येणारा नाही.

मागे २३०/११५ लिहिलेलं लाल बटण असेल तर तो जुन्या धाटणीचा माल आहे, त्यात ॲक्टिव्ह पीएफसी (लाइनमधून वीज सुरळीत ओढणारं सर्किट) नसतो. ते बटण चुकून ११५ वर गेलं आणि आपल्या २३० च्या लाइनला जोडलं, की मोठा आवाज होतो आणि एसएमपीएस गेला. घरात लहान पोरं असतील तर असल्या डब्याला घरात घेऊच नका.

८० प्लस म्हणजे वीज किती कमी वाया जाते त्याचे शिक्के; त्यातल्या ब्राँझ, गोल्ड वगैरेंबद्दल फार बोलत नाही. निम्म्या भारावर ब्राँझने निदान ८५ टक्के आणि गोल्डने निदान ९० टक्के वीज आत पोचवली पाहिजे असा त्याचा अर्थ, तोही ११५ व्होल्टवरच्या चाचणीत. आपल्या २३० वर दोन्हींना थोडे जास्तच मिळतात. म्हणजे आत ३०० वॅट लागत असतील तर भिंतीतून ब्राँझ ३५३ घेईल, गोल्ड ३३३. वीस वॅटचा फरक. रोज पाच तास धरले तर महिन्याला तीन युनिट. एवढ्यासाठी दोन-अडीच हजार जास्त घालणं बिलातून वसूल व्हायला बरीच वर्षं लागतील. गोल्ड घ्यायचाच तर लांब वॉरंटी आणि शांत पंख्यासाठी घ्या. आणि शिक्का म्हणजे वॅट नव्हे, साडेचारशेचा गोल्ड साडेपाचशेच्या ब्राँझचं काम करत नाही.

वायरी मोजायला विसरू नका

वॅट पुरले आणि कनेक्टरच नाही, असं होतं. ग्राफिक्स कार्डाला मदरबोर्डच्या स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या कनेक्टरने आणखी ७५, आठ पिनांच्या कनेक्टरने १५०. कार्डावर आठ पिनांचे दोन सॉकेट असतील तर एसएमपीएसमधून दोन वेगळ्या वायरी निघाल्या पाहिजेत, एकाच वायरीला फुटलेली दोन तोंडं मोठ्या कार्डाला लावू नका. प्रोसेसरचाही आठ पिनांचाच कनेक्टर असतो, तो दिसायला सारखा असला तरी कार्डाचा नव्हे, जोर लावून बसवू नका.

साट्यावरून आठ पिन काढणारे ॲडॉप्टर ऑनलाइन शंभर-दीडशेला मिळतात. साट्याच्या पॉवर कनेक्टरमधून १२ व्होल्टचे जास्तीत जास्त ५४ वॅट जावेत अशी त्याची रचना, आणि पलीकडचं कार्ड मागतं १५०. प्लास्टिक वितळलेले कनेक्टर मी टेबलाखालच्या डब्यात जपून ठेवलेत, कोणी वाद घातला की दाखवायला. मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या निघणारा, एसएमपीएस बदलताना जुन्या वायरी तशाच ठेवून नुसता डबा बदलायचा मोहही टाळा. एसएमपीएसकडच्या टोकाला पिनांची रचना प्रत्येक कंपनी आपापली ठेवते. वायर नीट बसेल, आणि हार्डडिस्क जळेल.

पीसी आधीच आहे, तर मोजूनच बघा

नवं कार्ड टाकायचं आहे, एसएमपीएस जुनाच ठेवायचा आहे, अशांनी अंदाज करत बसू नये. प्लगमध्ये लावायचं छोटं वॅटमीटर ऑनलाइन मिळतं. त्यात पीसीचा प्लग लावा, मॉनिटर बाहेर ठेवा, नेहमीचा सगळ्यात जड गेम अर्धा तास चालवा आणि सगळ्यात मोठा आकडा लिहून घ्या. तो भिंतीतून घेतलेला आकडा आहे, म्हणून ०.८५ ने गुणा, तेवढे वॅट आत पोचले. त्यातून जुन्या कार्डाचे वॅट वजा करा, नव्याचे मिळवा, ०.७ ने भागा.

मीटर नको असेल तर एचडब्ल्यूइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्यात सीपीयू पॅकेज पॉवर आणि कार्डाची पॉवर अशा दोन ओळी शोधा, त्यांच्या मॅक्सिममच्या रकान्यातले आकडे घ्या, वर ७५ टाका.

दोष एसएमपीएसचाच आहे का हेही याच वेळी कळतं. जोर आल्यावर वायर उपटल्यासारखा पीसी एका क्षणात काळा पडत असेल, निळा पडदा नाही, आवाज अडकणं नाही, तर संशय आधी एसएमपीएसवर, मग प्रोसेसरच्या गरम होण्यावर. निळा पडदा येत असेल तर रॅम किंवा ड्रायव्हर आधी तपासा. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ दिसलं म्हणून लगेच एसएमपीएस आणायला पळू नका. पीसी नीट बंद न होता बंद झाला, एवढंच ती नोंद सांगते, कशामुळे ते नाही. पाच-सहा वर्षं झालेल्या एसएमपीएसचे कपॅसिटर थकलेले असतात, त्याच्याकडून लेबलवरच्या पूर्ण आकड्याची अपेक्षा ठेवू नका.

नवतपा, कूलर आणि यूपीएस

चांगल्या कंपन्या आपला आकडा किती तापमानाला खरा आहे तेही माहितीपत्रकात देतात, ४० अंश किंवा ५० अंश. स्वस्त मालात हे लिहिलेलंच नसतं. वऱ्हाडात मे महिन्याच्या शेवटी, नवतपाच्या कडक उन्हात, बाहेर ४५ अंश असताना बंद खोलीतल्या कॅबिनेटच्या आत काय होत असेल याचा विचार करा. पुण्या-नाशिकच्या गिऱ्हाइकाला ४० अंशांचा चालतो, अकोला-चंद्रपूरकडे मी ५० अंशवालाच देतो, नाहीतर एक पायरी वरचा वॅट. आणि खोली गार करणाऱ्या पाण्याच्या कूलरसमोर पीसी ठेवू नका. ती ओली हवा एसएमपीएसचा पंखा आत ओढतो, आतल्या धुळीचा चिकट थर होतो, आणि पावसाळ्याच्या तोंडावर तो एसएमपीएस माझ्याकडे येतो.

यूपीएस घेताना एसएमपीएसवरचा आकडा बघायचाच नाही. भिंतीतून प्रत्यक्ष किती ओढलं जातं ते बघायचं. व्हिडिओवाल्या दादांचे आतले ३८८, भागिले ०.८५, म्हणजे ४५६, अधिक मॉनिटरचे ३०. जवळपास ४८६ वॅट. बाजारातला सहाशेचा यूपीएस हा ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) असतो, वॅटमध्ये बहुतेक वेळा ३६० च. तो जड कामात लाइट जाताच चूं करून बसेल. त्यांना ११०० व्हीए, ६६० वॅटचा लागला. साध्या फॉर्मवाल्या केंद्राला सहाशेचा पुरतो. शेवटची तपासणी घरीच करा: जड काम चालू ठेवून, सगळं सेव्ह करून, यूपीएसचा भिंतीतला प्लग बंद करा. पीसी चालू राहिला तर ठीक. यूपीएस चालू पण पीसी बंद पडला, तर एसएमपीएसच्या ॲक्टिव्ह पीएफसीला त्या यूपीएसची चौकोनी लहर मानवत नाही असं समजा, आणि दुकानदाराकडून प्युअर साइन वेव्हचा बदलून घ्या. म्हणून यूपीएसचं खोकं पहिले आठ दिवस फाडून टाकू नका.